हेजोची पाहणी

सेयंगने ताटलीवर आडवा हात धरला, पण माल-सुन मावशींनी तो हात मनगटाला धरून बाजूला केला आणि नुकत्याच कापलेल्या जनबोक शिंपल्याचा मोठासा काप तिच्या पुढ्यात ठेवलाच.

"मावशी, खरंच नको. पाहणीला गेलं की कुणाकडचं खायची आम्हाला परवानगी नाही."

"कुणाकडचं म्हणजे? मी काय खाणावळ चालवते? घरी आलेल्या माणसाला चार घास घालायलाही आता सेऊलहून परवाना आणायचा का?"

दाराशी उकिडवे बसलेले गावप्रमुख मोक हसले. "खा हो मॅडम. नाही खाल्लंत तर ती गावभर सांगत सुटेल, सेऊलच्या बाईंना आमच्या समुद्राचा वास येतो म्हणून."

सेयंगने सातूच्या चहाचा पेला उचलून ओठांना लावला. चहाला हरकत नव्हती. मग चॉपस्टिक्स एकमेकींशी नीट जुळवून तिने त्या ताटलीच्या कडेला ठेवून दिल्या. मावशींनी ते पाहिलं.

सेयंग सेऊलच्या एका क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. कुठलं कॉइन विक्रीच्या यादीत ठेवायचं आणि कुठलं काढून टाकायचं हे ठरवणारी एक समिती होती, आणि समितीला लागणारी माहिती गोळा करणं हे तिचं काम. बहुतेक वेळा हे काम खुर्चीत बसूनच व्हायचं. या वेळी मात्र ती वांडोपर्यंत बसने आणि तिथून बोटीने या बेटावर आली होती, ती हेजोसाठी. हेजो म्हणजे समुद्रातलं शेवाळ. बेटावरचं शेवाळ आणि शिंपले मधल्या दलालांना वगळून थेट गिऱ्हाइकाला विकायचे, प्रत्येक खोक्याचा प्रवास कुणालाही पाहता येईल असा नोंदवायचा आणि सगळी देवघेव हेजो नावाच्या कॉइनमध्ये करायची, अशी ती कल्पना होती. काढली होती ती मावशींच्याच भाच्याने, योम ग्यु-होने. आई लहानपणीच गेली, तेव्हा मावशींनीच त्याला वाढवलं होतं. पहिली दोन वर्षं कल्पना चालली. मग नुसतं कॉइन चाललं. मग तेही अडखळायला लागलं.

आता हेजोच्या नावापुढे पिवळ्या अक्षरांत 'सावधान' असा शिक्का लागला होता. कारणं तीन होती. संगणकावरचं काम कित्येक महिन्यांत पुढे सरकलं नव्हतं, ते करणारी मंडळी सोडून गेली होती. खरेदी-विक्री इतकी रोडावली होती की एखाद्याने नुसतं ढकललं तरी भाव कोसळावा किंवा उडावा. ही दोन्ही दुखणी मुदत दिली तर बरी होण्यासारखी होती. तिसरं मात्र वेगळं होतं. ग्यु-होने जाहीर केली होती त्यापेक्षा बाजारात फिरणारी कॉइनं जास्त दिसत होती. ती कुठून आली याचं उत्तर मिळत नव्हतं. विचारलं तेव्हा ग्यु-होने कळवलं होतं, कार्यालय आता बेटावर हलवलं आहे, प्रत्यक्ष येऊन पाहावं. निघण्यापूर्वी सेयंगने फोन केला, तर म्हणाला, मला सेऊलकडेच अडकून पडावं लागलं आहे, मावशी सगळं दाखवेल.

मावशींनी सगळं दाखवलं होतं. शीतगृहाच्या वरच्या मजल्यावर एक खोली. दारावर हेजोची निळी पाटी. आत तीन टेबलं, प्लास्टिक पांघरलेला एक संगणक, आणि बाकीच्या जागेत वाळलेल्या शेवाळाची पोती. टेबलांवर धुळीचा कण नव्हता.

"रोज फडकं मारते मी," मावशी अभिमानाने म्हणाल्या होत्या. "म्हटलं, कधी कुणी आलं तर लाज नको."

खोलीत गेल्या हिवाळ्यापासून कुणी बसलेलं नव्हतं, हे सांगायला धूळ लागत नव्हती. सेयंगने फोटो काढले आणि चेहरा कोरा ठेवला.

आता मावशींच्या घरात बसून ती निघायची वेळ व्हायची वाट पाहत होती. बोटीला अजून अवकाश होता. मोक सारखे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"पोरगा हुशार आहे हो," ते म्हणाले. "जरा भोळा आहे, एवढंच."

"भोळा नाही, सरळ आहे," मावशींनी त्यांना तिथेच तोडलं. त्या सेयंगकडे सरकून बसल्या. "तुला म्हणून सांगते, पोरी. गेल्या हिवाळ्यात गिऱ्हाइकं आटली. आमचा माल तर जाऊन बसलेला. पैसे द्यायला याच्याकडे दमडी नाही. दुसरा कुणी असता तर फोन बंद करून पसार झाला असता की नाही? यानं काय केलं? स्वतःची कुलपात ठेवलेली कॉइनं होती, ती काढली आणि घराघरात वाटली. ज्याचा जेवढा माल, तेवढी. एकाचं म्हणून बुडवलं नाही. हे तिकडे जाऊन सांग तुझ्या साहेबांना."

सेयंगच्या हातातला पेला जागच्या जागी थांबला.

"कुलपातली म्हणजे कुठली, मावशी?"

"ती नाही का, तुम्हा लोकांनाच शब्द दिला होता ना त्याने? अमुक इतकी वर्षं हात लावणार नाही म्हणून. ती."

"हे त्यांनी आणखी कुणाला कळवलं होतं?"

"कळवायचं काय त्यात? अख्ख्या गावाला माहीत आहे."

मोकही मान डोलवत होते. सेयंगने पेला खाली ठेवला. ती अवाजवी हळूहळू ठेवते आहे असं तिचं तिलाच जाणवलं, म्हणून तिने लगेच खिडकीकडे पाहिलं. आपण इथे आलो नसतो तर बरं झालं असतं, हा विचार मनात आला तो तिने तिथेच दाबला. जिथे उत्तर नव्हतं तिथे आता उत्तर होतं. बुसानमध्ये, देजॉनमध्ये, कुठे कुठे लोकांनी हेजो घेतलं होतं ते बाजारात इतकीच कॉइनं आहेत या भरवशावर. कुलूप त्यांच्यासाठी होतं. ते न सांगता उघडलं गेलं होतं, आणि उघडणाऱ्याने आतली कॉइनं गुपचूप विकून बंगला बांधला नव्हता, एवढंच. त्याने मावशींचं देणं फेडलं होतं. समितीच्या लेखी या दोहोंत फरक नव्हता. मुदत मागायला जी एक फट उरली होती ती मावशींनी मोठ्या प्रेमाने बुजवून टाकली होती.

बोटीपर्यंत सोडायला दोघंही आली. धक्क्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना शेवाळाच्या लांबलचक पट्ट्या जाळ्यांवर वाळत घातल्या होत्या आणि टोप्यांखाली तोंडं झाकलेल्या बायका त्या उलटत होत्या. सेयंगला पाहून त्या एकेक करून उठल्या. कुणी हातमोजे काढत, कुणी तसंच, त्या भोवती जमल्या.

"ह्याच का त्या?"

"मॅडम, शिक्का निघणार ना हो?"

"समिती ठरवते," सेयंग म्हणाली. "मला काही बोलता येत नाही."

"अहो, नुसतं हो की नाही सांगा."

"खरंच मला काही बोलता येत नाही."

आता आपण इथून एका मिनिटात निघायला हवं, असं तिला वाटलं. तिच्या शेजारच्या टेबलावर पूर्वी एक तरुण बसायचा. निकाल जाहीर होण्याआधी तो मेहुण्याजवळ एकच वाक्य बोलला होता, तेही जेवताना. पोलिसांनी त्याला नेलं तेव्हा लिफ्टचं दार बंद होईपर्यंत सगळा मजला खाली मान घालून बसला होता. सेयंगने त्यानंतर घरीसुद्धा कामाचं बोलणं सोडलं होतं. पण तोंड बंद ठेवता येतं, तोंडावरचं काय करायचं? या बायका तिच्या भुवयांकडे, तिच्या ओठांच्या कडांकडे बघत होत्या. इथे जरा चेहरा पडला असता तरी ते सांगितल्यासारखंच झालं असतं. वाऱ्याने तोंडावर आलेले केस तिने मागे सारले आणि ती हसली. चांगलं मोकळं हसली. शेवाळ सुरेख वाळलंय म्हणाली. पुन्हा यायला आवडेल म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग तिच्या दंडावर थोपटलं.

"समजलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "नको बोलूस."

बोट सुटली. सेयंग कठड्याला धरून उभी राहिली आणि धक्का दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिली. काय समजलं? वांडोला बसमध्ये बसल्यावरही तिच्या डोक्यातून ते जाईना. मावशी आता घराघरात जातील. सांगतील, बाईंनी घास तोंडात घातला नाही, काहीतरी वाईट आहे, काढून टाका सगळं. उद्या भाव कोसळेल. मग कुणीतरी विचारेल, समितीआधी कुणाला ठाऊक होतं? बेटावर कोण गेलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती बसली. टीमलीडर ह्वांगबोंनी तिचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

"म्हणजे विकली नाहीत त्याने. वाटली," ते म्हणाले.

"हो. मालाच्या मोबदल्यात."

"आणि ज्यांना वाटली त्यांनी?"

"त्यातल्या काहींनी विकली. घरखर्चाला."

"म्हणजे बाजारात आली."

"आली."

कायद्याचं बघणाऱ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला त्या पोराची दया येते," त्या म्हणाल्या. "पण ज्यांनी त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवला त्यांना मी काय सांगू? त्याचं मन चांगलं होतं म्हणून?"

हात वर करायची वेळ आली तेव्हा सेयंगला मत नव्हतं, ती समितीत नव्हती. तरीही ह्वांगबोंनी तिच्याकडे पाहिलं आणि तिने मान हलवली. हेजो यादीतून जाणार होतं. आणखी दोन एक्स्चेंजवर ते विकलं जात होतं, त्यांच्याबरोबर एकाच वेळी जाहीर करायचं म्हणून वेळ ठरली ती दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची. तोपर्यंत ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नव्हती.

बाहेर आल्यावर सेयंगने हेजोचा आलेख उघडला आणि दिवसभर तो डोळ्यांआड होऊ दिला नाही. जेवायला सगळे खाली गेले, ती गेली नाही. रेघ सपाट होती. संध्याकाळीही सपाटच होती. घरी गेल्यावर तिने नवऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली, भांडी घासली, आणि मोरीच्या दिव्यात पुन्हा फोन पाहिला. सपाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ हलली.

आधी वाटलं, झालं. मग नीट पाहिलं तर रेघ वर जात होती. पुष्कळशा बारीक बारीक खरेद्या, एकामागून एक, जणू एका रांगेत उभं राहून कुणी कुणी थोडं थोडं घेतंय. विकायला फारसं कुणी नव्हतं, त्यामुळे एवढ्याशानेही भाव चढत होता.

तपासणी विभागाचा माणूस ह्वांगबोंच्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता. दोघं आलेखात डोकं घालून काहीतरी बोलले. मग ह्वांगबोंनी तिला खूण केली.

"तुला चिंता होती ना," ते म्हणाले. त्यांचा आवाज हलका झाला होता. "बघ. कुणी विकत नाहीये, घेतायत. म्हणजे कुणाला काही कळलेलं नाही. शंभर टक्के स्वच्छ पाहणी. आम्ही तशी नोंद करतोय."

सेयंग तिथेच उभी राहिली.

"साहेब, आत्ताच जाहीर करता येईल का?"

"आत्ता? का?"

"जितका उशीर तितके लोक जास्त घेतील."

"तेही दुपारी तीनला थांबतील. सेयंग, तिघांनी मिळून वेळ ठरवली आहे. आपण आधी बोललो तर आपल्याकडच्यांना आधी विकायला मिळेल. ते चालेल?"

"नाही."

"मग?"

"पण घेणारे कोण आहेत ते मला..." ती थांबली. पुढचं वाक्य बोलायचं तर त्याच्या पुढचंही बोलावं लागलं असतं.

"कोण आहेत?"

"काही नाही."

ती जिन्यावर जाऊन उभी राहिली. फोनमध्ये मावशींचा नंबर होता, पाहणीच्या कामासाठी घेतलेला. आता तिला धक्क्यावरचं सगळं पुन्हा पहिल्यापासून दिसत होतं, आणि या वेळी बायकांच्या बाजूने दिसत होतं. सेऊलहून एवढ्या लांब कुणी बाई पाठवतं का, बंदच करायचं असेल तर? ती हसली. पुन्हा येते म्हणाली. बोलता येत नाही म्हणाली, म्हणजे चांगलंच असणार. वाईट असतं तर ही माणसं तोंडावर सांगून मोकळी होतात, बँकेतली नाही का सांगत? मावशींचा आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता. समजलं गं, नको बोलूस.

तिचा अंगठा नंबरावर होता. एक वाक्य पुरलं असतं. वाक्यही नको, मावशी, थांबा, एवढंच. मग मावशी विकतील, मोक विकतील, त्या बायका विकतील. ते घेणार कोण? देजॉनमधलं कुणीतरी, ज्याला फोन करणारं कुणी नाही. सेयंगने अंगठा उचलला. जिन्याच्या खिडकीतून खालच्या तेहरान-रो रस्त्यावर दुपारच्या जेवणाला निघालेली गर्दी दिसत होती. सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं होती. ती परत आत जाऊन जागेवर बसली.

तीन वाजता सूचना लागली. रेघ सरळ खाली कोसळली.

तास-सव्वा तासाने तिचा फोन वाजला. पडद्यावर मावशींचं नाव होतं. शेजारच्या दोघांनी माना वळवल्या. न उचलायची पद्धत होती, तक्रारींसाठी वेगळा विभाग होता. सेयंगने उचलला आणि शिव्या ऐकायच्या तयारीने डोळे मिटले.

"पोरी," मावशी म्हणाल्या. आवाज भलताच शांत होता. "ग्यु-हो फोन उचलत नाहीये."

"मावशी, मी..."

"तुझं मागून बघू. आज सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून आणखी घेतलं. मोकांनी नव्या जाळ्यांसाठी ठेवलेलं घातलं. मीच सगळ्यांना सांगत हिंडले, माझी जीभ झडली नाही. ते असू दे, रडायला उरलेलं आयुष्य आहे. तू आधी पोरगं शोध. तासाभरापासून लावतेय. त्याने माझा फोन उचलला नाही असं कधी होत नाही."

"कामात असतील."

"कसलं काम? मला म्हणतो कार्यालयात आहे. कार्यालय तर माझ्या घरामागे आहे, मला माहीत नाही का ते? सेऊलात त्या नदीवर पूल किती आहेत गं?"

सेयंग उठली. "मी बघते," ती म्हणाली. "मावशी, फोन जवळ ठेवा. मी बघते."

तिने ग्यु-होला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बेटावर जाण्याआधी ती त्याच्याशी बोलली होती तेव्हा मागे पट्टे फिरल्यासारखा एकसारखा घरघराट होता आणि कुणीतरी भोंग्यावर ओरडत होतं, गुनपो, सात नंबर, गुनपो. गुनपो म्हणजे शहराबाहेरची पार्सलची गोदामं; तेव्हा तिने ते मनावर घेतलं नव्हतं. तिने पिशवी उचलली.

"कुठे?" ह्वांगबोंनी विचारलं.

"पाहणी थोडी राहिली आहे."

ते तिच्याकडे बघत राहिले, पण त्यांनी अडवलं नाही.

गुनपोपर्यंतच्या गाडीत ती दारापाशी उभी राहिली, बसायला जागा होती तरी. नदीवरून गाडी गेली तेव्हा तिने पाण्याकडे पाहिलं नाही. स्टेशनवरून टॅक्सीने पार्सलच्या गोदामांकडे गेली. पहिल्या गोदामात त्या नावाचं कुणी नव्हतं. दुसऱ्यातल्या पहारेकऱ्याने यादीवरून बोट फिरवायलाही अर्धा जन्म लावला.

"योम? उंच, वाकून चालतो तो? मागे असेल. जेवणाची सुट्टी झालीये."

"आहे ना पण?"

"अहो, आहे म्हणतोय ना. जाईल कुठे?"

गोदामाच्या मागे ऊन अजून टिकून होतं. लाकडी फळ्यांच्या थप्पीवर एक माणूस एकटाच बसून किम्बाप, शेवाळात गुंडाळलेला भात, खात होता. त्याच्या अंगावर चकचकीत पट्ट्यांचं जाकीट होतं. सेयंगला पाहून तो घास तोंडात तसाच ठेवून उठला आणि त्याने वाकून नमस्कार केला. तिने त्याला आजवर फक्त फोटोत पाहिलं होतं. ती त्याच फळ्यांवर बसली.

"मावशी फोन करताहेत," ती म्हणाली.

"या आठवड्यापासून आत फोन न्यायला बंदी आहे. पेटीत ठेवावा लागतो." तो पुन्हा बसला, जरा अंतर राखून. "सूचना लागली ना?"

"लागली. तीन वाजता."

त्याने मान हलवली. त्याचा चेहरा पडला नाही. उलट खांदे कुठेतरी सैल झाल्यासारखे खाली आले, आणि त्याने किम्बापचा उरलेला तुकडा उचलून खाल्ला.

"तुमच्यावर राग नाही माझा," घास गिळून तो म्हणाला. "वर्षभरात आज पहिल्यांदा भूक लागली. कुलूप मी उघडलं, ते उघडायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मावशी हिवाळ्यात पाण्यात उभी राहून काढते हो ते शिंपले. तिला काय सांगणार होतो, थांब म्हणून?" त्याने हात जाकिटाला पुसले. "ते जाऊ दे. गाववाले सुटले ना वेळेवर?"

"सुटले म्हणजे?"

"विकून टाकलं असेल ना त्यांनी? तुम्ही येऊन गेल्यावर?"

सेयंगने त्याच्याकडे पाहिलं.

"मला त्यांना सांगता येत नव्हतं," तो भराभर बोलायला लागला. "सांगणं गुन्हा, ते एक. आणि नसता गुन्हा तरी माझ्याच्याने झालं नसतं. मावशीसमोर उभं राहून म्हणायचं, संपलं? किती वेळा बोटीत बसलो आणि वांडोवरून परत आलो. मग तुमचं पत्र आलं, कॉइनं कुठून आली म्हणून. म्हटलं, हे बरं झालं. तुम्ही जाल, ती पोत्यांची खोली बघाल, आणि ते तुमच्याकडे बघतील. मावशी माणसाचा चेहरा बोटभर अंतरावरून नाही, बोटीवरून वाचते. कुणाला काही सांगावंच लागणार नाही. म्हणून तर तो पत्ता दिला मी. नाहीतर तिथे बघण्यासारखं होतं काय?"

आत घंटा झाली. त्याने ऐकली, पण तो उठला नाही. तो थांबला होता.

"नाही विकलं त्यांनी," सेयंग म्हणाली. "आणखी घेतलं."

गोदामातले पट्टे पुन्हा फिरायला लागले.

"का?" ग्यु-होने विचारलं.

"मी हसले," सेयंग म्हणाली.

त्याने मान खाली घातली. हातमोजे उचलले, एक घातला, दुसरा घालताना त्याची बोटं सारखी चुकीच्या जागी जात होती. कुणीतरी आतून त्याच्या नावाने ओरडलं. तो उठला, दोन पावलं गेला आणि मागे वळला.

"तो पत्ता का दिला, हे तिला सांगू नका," तो म्हणाला, आणि आत गेला.

सेयंगने फोन काढला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आतच तो उचलला गेला.

"सापडले, मावशी. कामावर आहेत. बरे आहेत. जेवलेसुद्धा, माझ्यासमोर."

मावशींनी फोन बाजूला धरून कुणाला तरी सांगितलं, आहे गं, आहे, आणि तिथे बऱ्याच बायका एकदम बोलायला लागल्या.

"काय म्हणाला?" मावशी परत फोनवर आल्या. "आमच्याबद्दल काही म्हणाला का गं?"

सेयंगने फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"विचारत होते," ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का."